अण्णांचा पॉलिप आणि डिस्चार्ज कार्डावरून गळालेलं प्रश्नचिन्ह

2024 ची दिवाळी झाली आणि त्यानंतर कधीतरी अण्णांना शौचाला रक्त दिसलं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून ताक, सुरण, इसबगोल असे घरचे उपाय चालू ठेवले. संक्रांतीला मी कोरेगावला गेले, तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगितलं, "बघ गं, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. जिना चढले की धाप लागतीय. विचारलं तर काही नाही म्हणतात."

18 जानेवारीला मी त्यांना घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन 10.4 आलं, शौचाच्या तपासणीत न दिसणारं रक्तही सापडलं. दोन्ही तपासण्या मिळून 900 रुपये झाले. डॉक्टर म्हणाले, "मूळव्याध असेल, नसेलही. वय 64 आहे, दुर्बिणीतून एकदा बघून घ्या." त्यांनी केसपेपरवर त्रास कधीपासून आहे तेही लिहिलं, 'अडीच महिने'. तेव्हा मला ही ओळ महत्त्वाची वाटली नव्हती, पुढे विमा कंपनीनं नेमका तोच कागद मागितला. पहिल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्रास किती दिवसांपासून आहे हे त्यांना नीट सांगा आणि लिहिलेलं वाचून मगच बाहेर पडा. महिन्यांच्या जागी चुकून वर्षं लिहिली गेली, तर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरू शकतो.

27 जानेवारीला पुण्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं, फी 1,000 रुपये. त्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, 4 फेब्रुवारीला ठरवली. निघताना मी खाली इन्शुरन्स डेस्कला विचारलं. काचेमागची मुलगी म्हणाली, "कोलोनोस्कोपी ही तपासणी आहे मॅडम, तपासणीला क्लेम मिळत नाही." ती अर्धं बरोबर बोलत होती. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत 'एक्सक्लूजन 04' नावाचं कलम असतं. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही, असं ते सांगतं. पण त्याच दुर्बिणीतून पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली गाठ, काढला तर तो उपचार झाला, आणि डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत, तो बसतो. हे मला तेव्हा माहीत असतं, तर डॉक्टरांना 'कोलोनोस्कोपी, गरज पडल्यास पॉलिपेक्टॉमी (पॉलिप काढणं)' असं केसपेपरवर लिहायला सांगितलं असतं. तुम्ही सांगा.

तयारीचा दिवस सगळ्यांत नकोसा, असं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं होतं. अण्णा माझ्याकडे धायरीला आले होते. आधीचे दोन दिवस पालेभाजी, बिया आणि सालं बंद, फक्त मऊ भात, दही, गाळलेलं वरण. 3 फेब्रुवारीला दुपारनंतर शहाळ्याचं पाणी, साखरपाणी आणि पातळ गाळलेलं वरणाचं पाणी एवढंच. कोकम, बीट असलं लाल काही द्यायचं नाही, आतड्यात ते रक्तासारखं दिसतं. संध्याकाळी सहाला पोट साफ होण्याची पावडर दोन लिटर पाण्यात कालवली आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला द्यायला लागलो. अण्णांनी जुन्या डायरीत प्रत्येक पेल्याची वेळ लिहून ठेवली. ते 31 वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, उसाची जात, गट नंबर, वेळ, सही. ती सवय अंगात मुरली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवडाभर आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. अण्णांना फक्त रक्तदाबाची गोळी होती, ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली.

4 फेब्रुवारी, मंगळवार. दहाची वेळ होती, आत घेतलं पावणेअकराला. भुलीचं इंजेक्शन असल्यानं अण्णांना काहीच कळलं नाही. चाळीसेक मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि मला संगणकावर फोटो दाखवले. आतड्याच्या शेवटच्या वळणात, ज्याला सिग्मॉइड म्हणतात, तिथे देठ असलेला 18 मिलिमीटरचा एक पॉलिप होता. उजवीकडच्या चढत्या भागात 5 मिलिमीटरचा दुसरा. दोन्ही तारेच्या फासानं काढले होते आणि मोठ्याच्या देठावर रक्त येऊ नये म्हणून एक क्लिप बसवली होती. "मोठ्याचा वरचा भाग थोडा खरवडल्यासारखा आहे, त्यामुळे बायोप्सीशिवाय मी काही बोलणार नाही," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोरच केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या.

सिस्टरनं मला दोन छोट्या बाटल्या दाखवल्या. फॉर्मलिनमध्ये एकीत बोराच्या बीएवढा गुलाबीसर गोळा, दुसरीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. एकीवर 'ए, सिग्मॉइड', दुसरीवर 'बी, असेंडिंग', दोन्हींवर अण्णांचं नाव आणि वय. "नाव बरोबर आहे ना, बघून घ्या," ती म्हणाली. दोन जागचे पॉलिप वेगवेगळ्या बाटल्यांत का ठेवले हे मला महिन्याभरानं कळलं.

कॅशलेससाठी, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर भरावं म्हणून, डेस्कनं विनंती पाठवली होती. त्यांनी अर्जात फक्त 'कोलोनोस्कोपी' लिहिलं आणि कंपनीच्या टीपीएकडून, म्हणजे तिच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, दुपारी तीनला 'तपासणीसाठी दाखल, कॅशलेस अमान्य, कागद पाहून परतफेडीचा विचार करू' असं उत्तर आलं. बिल मी भरलं. दुर्बिणीचे 14,500, पॉलिप काढण्याचे 18,000, क्लिपचे 6,500, भूलतज्ज्ञांचे 5,000, डे-केअरच्या खाटेचे आणि साहित्याचे 3,500, दोन बाटल्यांच्या बायोप्सीचे 3,200, औषधांचे 2,150. एकूण 52,850 रुपये.

घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावून डिस्चार्ज कार्ड वाचायला घेतलं. मी कुकर लावत होते. त्यांनी हाक मारली. त्यांच्या एका हातात टाइप केलेलं कार्ड होतं, दुसऱ्या हातात डॉक्टरांच्या हस्ताक्षरातला केसपेपर.

"हे बघ. डॉक्टरांनी इथं आधी प्रश्नचिन्ह काढलंय. ह्या छापलेल्यात ते नाही."

हाताच्या कागदावर होतं: 'सिग्मॉइड पॉलिप, ? मॅलिग्नन्ट', म्हणजे कॅन्सर आहे का अशी नुसती शंका. छापील कार्डावर निदानासमोर होतं: 'मॅलिग्नन्ट पॉलिप, सिग्मॉइड'. मी पाहत राहिले. ते चिन्ह लांबून बघितलं तर नुसत्या शाईच्या फराट्यासारखं वाटत होतं. टाइप करणाऱ्यानं ते तसंच समजून सोडून दिलं असावं. अण्णांनी मॅलिग्नन्टचा अर्थ मला विचारला नाही, म्हणजे त्यांना तो माहीत होता. मी लगेच हॉस्पिटलला फोन केला. "रिपोर्ट आला की बघू मॅडम, तेव्हा दुरुस्त होईल," असं उत्तर मिळालं.

त्यानंतरचे सात दिवस कसे गेले ते लिहायला बसले की अजून छातीत धडधडतं. अण्णा नेहमीसारखे सकाळी फिरायला जायचे, पेपर वाचायचे. एकदा मात्र कपाट आवरायला काढलं आणि पीएफचे, घराच्या सातबाऱ्याचे, आईच्या नावच्या ठेवींचे कागद वेगळे करून एका पिशवीत भरले. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे तुझ्याकडं असू दे." आई कोरेगावहून रोज दोनदा फोन करायची. मी तिला 'अजून रिपोर्ट नाही' एवढंच सांगायचे, कार्डावर काय लिहिलंय ते सांगितलं नाही.

11 फेब्रुवारीला रिपोर्ट आला. बाटली ए: ट्यूब्युलोव्हिलस ॲडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेझिया, देठाची कड मोकळी, कर्करोगाचा पुरावा नाही. बाटली बी: हायपरप्लास्टिक पॉलिप. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. मोठा पॉलिप साधाच, पण तसाच राहिला असता तर काही वर्षांनी कॅन्सरकडे वळू शकणाऱ्या जातीचा. तो पूर्ण निघालाय. छोटा अगदी निरुपद्रवी. पुढची दुर्बीण तीन वर्षांनी. अण्णा ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते देवघरापुढे जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्या आनंदात कार्ड दुरुस्त करून घ्यायचं राहून गेलं. ही चूक माझी.

20 फेब्रुवारीला मी परतफेडीचा क्लेम पाठवला. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जपासून 30 दिवसांची मुदत होती. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग 'अ' आपण भरायचा, भाग 'ब' हॉस्पिटलनं. त्याच्यासोबत मूळ बिलं आणि पावत्या, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, दुर्बिणीचा फोटोंसकट रिपोर्ट, केसपेपर, आधार आणि पॅनच्या प्रती, रद्द केलेला चेक. सगळ्याचे रंगीत स्कॅन करून मगच स्पीड पोस्टानं पाठवलं. भाग 'ब' मी फक्त शिक्का आणि सही आहे का एवढंच बघून पाकिटात घातला. त्यात 'आयसीडी 10 कोड', म्हणजे निदानाचा ठरावीक क्रमांक, असा एक रकाना असतो, मी तो वाचलाच नाही. तुम्ही तो रकाना वाचल्याशिवाय पाकीट बंद करू नका.

5 मार्चला टीपीएचं पत्र आलं. तीन प्रश्न होते. एक, डिस्चार्ज कार्डावर आणि भाग 'ब' मध्ये कॅन्सरचं निदान आहे, बायोप्सीत मात्र साधी गाठ आहे, ही तफावत कशी? दोन, कार्डावर केलेली प्रक्रिया नुसती 'कोलोनोस्कोपी' लिहिली आहे, मग पॉलिप काढल्याचं बिल का? तीन, त्रास कधीपासून आहे याचा पहिला कागद द्या. उत्तराला 15 दिवस.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी रात्री माझ्या मामेबहिणीला फोन लावला. ती ऐरोलीला मेडिकल कोडर आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या पोटविकार विभागाची कागदपत्रं वाचून त्यांना कोड लावते. घरात आम्ही तिला वर्षानुवर्षं 'कॉम्प्युटरवर काम करते' एवढंच म्हणत आलो. त्या रात्री तिनं मला तासभर शिकवलं, आणि मला वाटतं प्रत्येक पेशंटच्या घरात एकाला तरी एवढं कळायला हवं.

"ताई, भाग 'ब' वर काय कोड आहे?"

"सी 18.7."

"हा सिग्मॉइडच्या कॅन्सरचा कोड आहे गं. अण्णांचा डी 12.5 पाहिजे."

मग तिनं उलगडून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी 10 मध्ये नव्यानं वाढलेल्या सगळ्या गाठींचं एकच प्रकरण आहे. त्यातले सी 00 ते सी 97 कॅन्सर, डी 00 ते डी 09 जागच्या जागी असलेला, अजून न पसरलेला कॅन्सर, डी 10 ते डी 36 साध्या गाठी आणि डी 37 ते डी 48 म्हणजे नक्की काय ते सांगता येत नाही अशा. डी 12 ही मोठ्या आतड्यातल्या साध्या गाठींची खूण आणि टिंबानंतरचा आकडा जागा सांगतो. 0 म्हणजे आतड्याची सुरुवात, 2 चढता भाग, 3 आडवा, 4 उतरता, 5 सिग्मॉइड. 6 म्हणजे आतडं, पण जागा लिहिलेली नाही. 8 म्हणजे गुदाशय. कार्डावर जागा नसेल तर कोड लावणाऱ्याला 6 वरच थांबावं लागतं, त्याला अंदाज करायची परवानगी नसते.

"आणि बाटली बी?" मी विचारलं.

"ती डी मध्ये जातच नाही. हायपरप्लास्टिक पॉलिप म्हणजे खऱ्या अर्थानं नवी गाठ नाही, तो पचनसंस्थेच्या प्रकरणात, के 63.5. म्हणून तर बाटल्या वेगळ्या. एकाच बाटलीत टाकले असते तर कुठला कुठून आला हे पॅथॉलॉजिस्टला कळलं नसतं आणि मलाही."

तिच्या कामात एक शिस्त आहे. शंका म्हणून लिहिलेल्या निदानाला ठाम निदानाचा कोड लावायचा नाही. दुर्बिणीत पॉलिप दिसला आणि बायोप्सी अजून आली नसेल, तर कागद बायोप्सीसाठी थांबवून ठेवायचा. थांबवणं शक्यच नसेल तर नुसता 'पॉलिप' एवढाच कोड, के 63.5. तिनं दुसरंही एक सांगितलं जे मला फार उपयोगी पडलं. पॉलिप काढला कसा, हे लिहिलेलं असणं फार गरजेचं. फासानं काढला तर अमेरिकन पद्धतीत प्रक्रियेचा कोड 45385, चिमट्यानं तुकडा घेतला तर 45380, नुसतं बघून आले तर 45378. पैसे वेगळे, अर्थ वेगळा. आपल्याकडे हे कोड वापरत नसले तरी टीपीएचा डॉक्टर हेच शोधत असतो. अण्णांच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर 'स्नेअर पॉलिपेक्टॉमी' स्पष्ट लिहिलेलं होतं, डिस्चार्ज कार्डावर ते उतरलंच नव्हतं. म्हणजे कॅशलेस नाकारण्याचं आणि टीपीएच्या दुसऱ्या प्रश्नाचं, दोन्हींचं मूळ त्या एका न लिहिलेल्या शब्दात होतं.

मग आमच्या विमा एजंटचा फोन आला. माणूस ओळखीचा, मदतीच्याच भावनेनं बोलत होता. म्हणाला, "ताई, कोड बदलायच्या भानगडीत पडू नका. पॉलिसीत साध्या गाठी, सिस्ट, पॉलिप यांना 24 महिन्यांची वाट बघावी लागते, कॅन्सरला तसं नाही. पॉलिप म्हणून लिहिलंत तर त्या कलमात अडकाल. डॉक्टरांकडून 'कॅन्सरच्या संशयावरून उपचार' असं पत्र घ्या आणि सी तसाच ठेवा."

त्यानं सांगितलेलं कलम खरंच आहे. बहुतेक पॉलिसींच्या ठरावीक आजारांच्या यादीत 'सर्व प्रकारच्या अंतर्गत व बाह्य साध्या गाठी, सिस्ट, पॉलिप' असं लिहिलेलं सापडेल. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. फोन बंद झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "जे काट्यावर आलं तेच पावतीवर. मला कॅन्सर झालेला नाही, तर माझ्या नावावर तो लिहायचा नाही."

त्यावर मी काही विचारलं नाही.

8 मार्चला, शनिवारी, मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेले. तळघरात, एक्स-रेच्या मागच्या बाजूला. तिथले गृहस्थ म्हणाले, "कोड सॉफ्टवेअर काढतं, आम्ही नाही. आणि एकदा गेलेलं कार्ड बदलत नाही." मी भांडले नाही. मामेबहिणीनं शिकवलं होतं तसं लेखी अर्ज दिला, 'मूळ नोंद खोडू नये, पुरवणी नोंद करून सुधारित डिस्चार्ज कार्ड आणि सुधारित भाग ब द्यावा.' सोबत हाताच्या केसपेपरची प्रत जोडली, त्यावरच्या प्रश्नचिन्हाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत त्याची कागदपत्रं द्यायची असतात, ती ओळही अर्जात घातली. पोचवर शिक्का मारताना त्या गृहस्थांचा सूर बदलला. "डॉक्टर बुधवारी ओपीडीला असतात, त्यांची सही आणा, मी करून देतो." आणि त्यांनी शब्द पाळला.

12 मार्चला डॉक्टर भेटले. अडीच तास थांबावं लागलं. त्यांनी कार्ड वाचलं, कपाळाला हात लावला आणि माझ्यासमोर अण्णांची माफी मागितली. लेटरहेडवर त्यांनी चार ओळी लिहिल्या. दुर्बिणीच्या वेळी फक्त शंका होती, बायोप्सीनं सिग्मॉइडचा पॉलिप साधा ॲडेनोमा ठरला, चढत्या भागातला हायपरप्लास्टिक, दोन्ही फासानं काढून उपचार केले, दाखल करण्याचं कारण उपचार हेच होतं. खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख, शिक्का. यातली एकही गोष्ट राहिली तर पत्र परत येतं, तिथेच उभं राहून तपासा.

14 ला धुळवड, मग शनिवार-रविवार. 17 मार्चला सुधारित कार्ड हातात आलं. वरच्या कोपऱ्यात 'सुधारित' आणि नवी तारीख, निदान दोन ओळींत, कोड डी 12.5 आणि के 63.5, प्रक्रियेसमोर 'कोलोनोस्कोपी आणि स्नेअर पॉलिपेक्टॉमी, दोन जागा'. 18 ला सगळं टीपीएला पाठवलं. मुदत संपायला दोन दिवस होते.

2 एप्रिलला क्लेम नामंजूर झाला.

कारण एजंटनं सांगितलं होतं तेच. 'एक्सक्लूजन 02, पॉलिपसाठी 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ, पॉलिसी सुरू 1 जून 2024.' पत्र वाचून माझे हातपाय गळाले. खरं लिहून घेतलं म्हणून पैसे गेले, असं अण्णांना सांगायचं कसं? पण अण्णांनी पत्र उलटसुलट वाचलं आणि म्हणाले, "ही तारीख चुकीची आहे. आपण आधी दुसऱ्या कंपनीत होतो."

ते बरोबर होते. पहिली पॉलिसी 1 जून 2022 ची, तीन लाखांची. जून 2024 मध्ये ती पोर्ट करून, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेऊन, पाच लाखांची घेतली होती. पोर्ट करताना आधीच्या कंपनीत काढलेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता पुढे धरला जातो. म्हणजे 4 फेब्रुवारी 2025 ला आमची दोन वर्षं आठ महिने झाली होती. कंपनीनं नवी पॉलिसी तेवढी पाहिली. अण्णांच्या डायरीत पोर्टच्या फॉर्मची प्रत आणि दोन्ही वर्षांच्या जुन्या पॉलिसी पिन करून ठेवलेल्या होत्या. पॉलिसी बदलली तरी जुनी टाकून देऊ नका.

4 एप्रिलला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केला. एकच पान, तारखा ओळीनं, जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडून. 14 दिवसांत उत्तर यायला हवं होतं, ते आलं नाही. 19 एप्रिलला विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली, फी नाही. टोकन नंबर लगेच मिळाला आणि चौथ्या दिवशी कंपनीतून पहिल्यांदा एका माणसाचा फोन आला. एवढं करूनही झालं नसतं तर पुढची पायरी विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, वकील लागत नाही, फी नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षभरात तिथे जाता येतं. तो अर्ज मी भरून ठेवला होता.

29 एप्रिलला मंजुरी आली. 9 मेला अण्णांच्या खात्यात 52,330 रुपये जमा झाले. बिलाचे 52,850 आणि आधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्यांचे आणि फीचे 1,900, त्यातून हातमोजे, नळ्या, नोंदणी असले न मिळणारे 2,420 वजा.

तरीही एक काम बाकी होतं. हॉस्पिटलच्या ॲपमध्ये अण्णांचं नाव उघडलं की जुनंच कार्ड दिसायचं. पुढे कुणी दुसरा डॉक्टर ते बघेल आणि अण्णांना कॅन्सरचा जुना पेशंट समजेल, हे मला चैन पडू देत नव्हतं. 21 मेला पुन्हा तळघरात गेले. रेकॉर्डच्या त्याच गृहस्थांनी माझ्यासमोर जुन्या नोंदीवर 'बदललेली नोंद पाहा' असा शेरा घातला आणि नवं कार्ड वर आणलं. निघताना म्हणाले, "आता आम्ही बायोप्सी आल्याशिवाय भाग ब देत नाही, मॅडम."

घरी आल्यावर मी अण्णांना ॲप उघडून दिलं. त्यांनी निदानाची ओळ बोटानं वाचली, टिंबानंतरचा 5 पुन्हा पाहिला. मग डायरी काढून त्यात लिहिलं, 'पुढील दुर्बीण: फेब्रुवारी 2028'. त्याच्या खाली माझं आणि दादाचं नाव घालून विचारलं, "तुम्हा दोघांना चाळिशीनंतर दाखवायला सांगितलंय डॉक्टरांनी. तुझं वय आता 41. कधीची तारीख घालू?"

जुलैची घातली आहे.